डीएनए सापडला म्हणजे जाती सापडली नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खोल समुद्राच्या तळाशी 'जिवाणूंच्या शेकडो नव्या प्रजाती सापडल्या' ही आपली बातमी वाचली. बातमी चांगली, मथळा मात्र घाईचा. अशा मोहिमांत बहुतेक वेळा हाती लागतात ते डीएनएचे तुकडे. तळाचा गाळ वर आणायचा, त्यातला सगळा डीएनए एकत्र वाचायचा आणि संगणकावर तुकडे जुळवून एकेक जीनोम, म्हणजे एका जिवाचा संपूर्ण डीएनए, उभा करायचा. काम मोलाचेच आहे. पण गाळात मेलेल्या पेशींचा डीएनएही बराच काळ टिकतो, आणि जुळवलेला जीनोम म्हणजे बारसे झालेली जाती (स्पीशीज) नव्हे.

जिवाणूला रीतसर नाव मिळवायचे तर आधी तो प्रयोगशाळेत एकटा, शुद्ध वाढवावा लागतो. मग सगळ्याच जिवाणूंत असणारे, सुमारे 1,500 अक्षरांचे 16 एस आरआरएनए नावाचे जनुक वाचून ओळखीच्या जातींशी ताडतात. साम्य 98.7 टक्क्यांहून कमी निघाले तर जाती नवी असण्याची दाट शक्यता. जास्त निघाले म्हणून ती जुनीच, असे मात्र ठरत नाही. माझे विद्यार्थी दरवर्षी नेमके इथेच चुकायचे! अशा वेळी पूर्ण जीनोम ताडतात. तिथले साम्य 95-96 टक्क्यांच्या खाली गेले की वेगळी जाती मानतात. शेवटी जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या, जिवाणू जपून ठेवणाऱ्या संग्रहांत ठेवावा लागतो. हे नुसते कागदी घोडे नाचवणे नव्हे. ज्याला शंका येईल त्याला तो नमुना मागवून तपासता यावा, यासाठी हा नियम आहे.

खोल समुद्रातले जिवाणू अडतात ते पहिल्याच पायरीवर. दर 10 मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, आणि काही जिवाणू आपल्या साध्या दाबात वाढतच नाहीत. प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत 10,000 मीटरहून खोल मिळालेल्या अशा एका जिवाणूची नोंद 1981 मध्येच झाली आहे. पण दाब यंत्राने देता येतो. घाई न करणाऱ्या जिवाला घाई कशी करायला लावणार? जपानजवळच्या नानकाई गर्तेतून 2,533 मीटर खोलीवरचा गाळ 2006 मध्ये वर काढला गेला. त्यातला एक सूक्ष्मजीव (काटेकोर बोलायचे तर जिवाणू नव्हे, आर्किया, म्हणजे जिवाणूंसारख्याच दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातला) वाढवल्याचा शोधनिबंध 2020 मध्ये आला. त्याची संख्या दुप्पट व्हायला 14 ते 25 दिवस लागतात, आणि मिथेन बनवणाऱ्या दुसऱ्या सूक्ष्मजीवाच्या सोबतीशिवाय तो वाढत नव्हता. तेव्हाही त्याच्या नावामागे 'कँडिडेटस', म्हणजे उमेदवार, हे बिरुद होतेच. 'प्रोमेथिआर्किअम सिन्ट्रोफिकम' हे रीतसर नाव मिळाले 2024 मध्ये. एका जातीला अठरा वर्षे, आणि आपल्या मथळ्यात शेकडो!

जे वाढवताच येत नाहीत त्यांना कायम बिननावाचे ठेवणे अन्यायाचे, हेही मला पटते. म्हणूनच 2022 मध्ये 'सीककोड' ही वेगळी नियमावली आली. तीत चांगल्या प्रतीचा जीनोमच नावाचा आधार मानला जातो. माझी त्याला हरकत नाही, पण कोणते नाव कोणत्या वाटेने आले ते वाचकाला कळले पाहिजे.

जाता जाता एक. शाळेच्या पुस्तकातली उतरंड 'कुल, प्रजाती, जाती' अशी आहे. तिथे प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रे सर्रास 'प्रजाती' लिहितात ते स्पीशीजसाठी. त्या हिशेबाने आपला मथळा दुप्पट फुगलेला आहे.

आपल्या वार्ताहरांनी संबंधित शास्त्रज्ञांना एवढेच विचारावे, की त्या शेकडोंपैकी प्रत्यक्ष वाढवलेले किती आणि संग्रहात ठेवलेले किती. उत्तर शून्य आले तरी छापा.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक