‘लष्करी’ नव्हे, मिलिटरी बँड

संपादक महोदय,

इंग्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावातील हौशी बँडचा इतिहास सांगणारा रविवार पुरवणीतला भाषांतरित लेख आवडला. एकच गोष्ट खटकली. ‘मिलिटरी बँड’ला लेखात सगळीकडे ‘लष्करी वाद्यपथक’ म्हटले आहे. त्यामुळे वाजवणारे सैनिकच होते असे वाटते, आणि पुढच्याच परिच्छेदात ते दुकानदार आणि सुतार निघाले की वाचक बुचकळ्यात पडतो.

ब्रिटनमध्ये मिलिटरी बँड हे वाद्यांच्या जुळणीचे नाव आहे. ब्रास बँडमध्ये कॉर्नेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा अशी पितळी वाद्ये आणि जोडीला ड्रम. त्यात क्लॅरिनेट, बासरी, ओबो, बॅसून, सॅक्सोफोन आले की तो मिलिटरी बँड, मग वाजवणाऱ्याने आयुष्यात बंदूक हातात धरलेली नसली तरी चालते. किनाऱ्यावर ही जुळणी सोयीचीही होती. उघड्यावर व्हायोलिनचा आवाज वाऱ्यात विरतो, दमट हवेत तारांचा सूर बिघडतो. ऑर्केस्ट्रात व्हायोलिन जे काम करते, ते इथे क्लॅरिनेटकडे असते.

लष्कराशी काही नातेच नव्हते, असे मात्र नाही. १८५९ मध्ये फ्रान्सच्या स्वारीच्या धास्तीने गावोगाव स्वयंसेवकांच्या पलटणी उभ्या राहिल्या, किनाऱ्यावर तोफखान्याच्याही. कवायतीला बँड हवाच. अनेक गावांच्या बँडचे मूळ तिथे सापडते. पुढे रेल्वेने पर्यटक येऊ लागले, १८७१ च्या कायद्याने बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या मिळाल्या, आणि कवायतीचे बँड फिरायला आलेल्यांसाठी वाजू लागले. किनाऱ्यावरच्या बोर्नमथच्या नगरपालिकेने तर १८९३ मध्ये संगीत-संचालक डॅन गॉडफ्री यांच्याकडे पगारी वादकांचा ताफा सोपवला. उघड्यावर तो मिलिटरी बँड असे, सभागृहात ऑर्केस्ट्रा. आजचा बोर्नमथ सिम्फनी ऑर्केस्ट्रा त्यातूनच घडला.

राहिला गणवेश. लेखासोबतच्या छायाचित्रातल्या झालरी-बटणांवर भाषांतरकार भुलले असावेत. पण संगीतकार गुस्ताव होल्स्ट विद्यार्थीदशेत पोटापाण्यासाठी किनाऱ्यावरच्या गावांतून ‘व्हाइट व्हिएनीज बँड’मध्ये ट्रॉम्बोन वाजवत, तेही रुबाबदार गणवेशातच. तो बँड ना लष्करी होता, ना व्हिएन्नाचा! याच होल्स्ट यांनी १९०९ मध्ये मिलिटरी बँडसाठी लिहिलेली ‘फर्स्ट सूट’ ही संगीतरचना आजही हौशी बँडच्या संग्रहात हमखास असते.

‘लष्करी’ हा शब्द राखून ठेवावा असे ठिकाणही त्याच किनाऱ्यावर आहे. डील गावातल्या रॉयल मरीन्सच्या (ब्रिटिश नौदलाच्या सैनिकदलाच्या) संगीत विद्यालयात २२ सप्टेंबर १९८९ रोजी आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने बॉम्बस्फोट घडवला. त्यात अकरा बँडवाले गेले. ते खरोखर सैन्यातले होते. त्यांच्या स्मरणार्थ गावाने बँडस्टँड बांधला. उन्हाळ्यात तिथे आजूबाजूचे हौशी बँड येऊन वाजवतात.

लेखाचा पुढचा भाग छापताना ‘मिलिटरी बँड’ हाच शब्द ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक