बाबा, मासा सोडला

ब्लॅक रिव्हर, मॉरिशस
10 फेब्रुवारी

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. कास्कावेल गावात शेजारच्या आजींचे पणजोबा रत्नागिरीकडून आलेले. त्यांचं मराठी अर्धं क्रिओल, म्हणजे इथली बोली, झालंय, पण गणपती बसतो आणि चतुर्थीला सरकारी सुट्टीही असते. तेव्हा आई, "तिकडे आपलं कोण आहे" हे आता पुरे.

फोटो पाहून बाबा म्हणाले म्हणे, "एवढो मासो आणि सोडलंस? खुळो झालास काय?"

बाबा, मासा माझा नव्हताच, आमच्या बोटीवर हौसेने मासे पकडायला आलेल्या गिऱ्हाइकाचा. जर्मन होता. बोटीच्या मागच्या खुर्चीत स्वतःला पट्ट्यांनी अडकवून रीळ फिरवायचं, आणि त्या कष्टाचे पैसेही आपणच मोजायचे! आमिषसुद्धा खोटं, प्लास्टिकच्या झालरीचं. ते आठ नॉटने पाण्यावरून ओढत न्यायचं. पावणेदोन तासांनी मार्लिन मासळी बोटीला लागली. अडीचशे किलोची तरी असेल. मादीच. नर दीडशे किलोच्या वर क्वचितच जातात, दांडग्या त्या सगळ्या गाभोळीच्या. मासळीला अंडी घालू द्यावीत म्हणून आपण जून-जुलैत होडी झापांनी शाकारून ठेवतो ना, तसंच हे सोडणं समजा. तिच्या खांद्यात नंबराची बारीक पट्टी टोचली. पुढे कोणाला मिळाली तर किती फिरली ते कळतं. मग हातमोजे घालून मी तिची चोच धरली आणि कल्ल्यांतून पाणी खेळावं म्हणून बोट हळूहळू पुढे नेली. दमून तांबूस-तपकिरी पडली होती. बघता बघता अंगावर निळे पट्टे उमटले आणि शेपटीच्या एका फटक्यात मला भिजवून गेली. सगळेच सोडतात असं नाही. इथे मार्लिन धुरावून, पातळ कापून खातात. सुरमईची सर नाही.

आई, चोच भाल्यासारखी असली तरी मी बाजूलाच उभा राहतो. दोराचा वळसाही हाताला असा घेतो की झटक्यात सुटावा. फोटोतली माझ्या हातावरची पट्टी सुरीची आहे, कांदा कापताना लागलं. उगाच काही मनात आणू नकोस.

त्याच संध्याकाळी बायचा मेसेज आला. वीस जणांनी किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढलं आणि बाबांच्या वाट्याला मूठभर तारल्या. मी जेवलो, पण नीट नाही.

शिमग्याला येणं होत नाही, ऐन हंगाम आहे. पालखी अंगणात आली की माझ्या नावाने नारळ ठेवा. बायच्या लग्नाची तारीख मात्र मेमधलीच काढा, मी येणारच. माझ्यासाठी आलेल्या वेंगुर्ल्याच्या स्थळाला हो म्हणू नका, पण नाही असंही कळवू नका. नवरा आठ महिने घरी नसला तर चालेल का, हे मुलीला विचारा, तिच्या मामाला नको.

चाळीस हजार पाठवलेत. पस्तीस लग्नाच्या हॉलला. राहिलेले पाच त्या जर्मनाच्या बक्षिशीचे. बाबा, तो माशाचा वाटा.

तुमचा,
बाबू