विद्यापीठाआधी शहर बघा

संपादक महोदय,

निकाल लागले की पणजी-मडगावच्या हॉटेलांत परदेशी शिक्षणाचे मेळावे भरतात. कोर्स, रँकिंग, स्कॉलरशिप यांवर तासभर ऐकवतात; खोलीचे भाडे विचारले की समुपदेशक माहितीपत्रकाचे पान उलटतो.

जर्मनीचेच घ्या. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, दाखवायचे. म्युनिक असो वा केम्निट्झ, आकडा तोच. पण म्युनिकमध्ये यातला मोठा वाटा एकटी खोलीच गिळते, आणि सरकारी वसतिगृहाची प्रतीक्षायादी संपता संपत नाही. केम्निट्झ, माग्डेबुर्ग इथे त्याच पैशांत महिना निभावतो. शिवाय स्टुटगार्ट, हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात येतात, तिथे आपल्या मुलांना दर सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. मुलाकडे पोर्तुगीज, म्हणजे युरोपीय संघाचा पासपोर्ट असेल तर ती लागत नाही, पण गोव्यातही सगळ्यांचे नशीब तसे कुठे!

ब्रिटनचा नियम त्यामानाने सरळ. लंडनसाठी बँकेत जास्त रक्कम दाखवावी लागते, बाहेरच्या शहरांसाठी कमी. निदान फरक आहे हे तरी कळते.

मुलांना म्युनिक-लंडनची नावे आवडतात. नातेवाइकांना सांगायलाही बरी वाटतात. कर्जाचा हप्ता मात्र आईबापांना भरायचा असतो. म्हणून आयोजकांनी प्रत्येक शहराचे खोलीभाडे, वसतिगृहाची प्रतीक्षा आणि बस-ट्रेनच्या पासचा खर्च पालकांच्या हाती लेखी द्यावा.

– एक पालक, फोंडा