ऑस्कर नामांकनांचे तक्ते : भरण्याआधी वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या सर्व सभासदांना कळवण्यात येते की नामांकनांच्या अंदाजाचे तक्ते घोषणेच्या आदल्या रात्री दहापर्यंत द्यावेत. घोषणा आपल्याकडे साधारण संध्याकाळी सातला होते. साडेसहाची खाडाखोड धरणार नाही.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाला १० नावं, दिग्दर्शन-अभिनयाला ५.

घोळ होतो तो दिग्दर्शनात. अमेरिकी दिग्दर्शक संघटनेच्या स्वतःच्या पुरस्कारासाठीची पाच नावं जशीच्या तशी उतरवली जातात. २०२४ ला त्यातली तीनच ऑस्करमध्ये टिकली. ग्रेटा गर्विग आणि अलेक्झांडर पेन गळाले, जस्टिन त्रिए आणि जोनाथन ग्लेझर आत आले. ऑस्करच्या दिग्दर्शक शाखेत परदेशी सदस्य बरेच आहेत. म्हणून संघटनेची तीन-चार नावं घ्या, तक्त्यातलं एक घर बिगर-इंग्रजी चित्रपटाला ठेवा. शिवाय मतं पसंतीक्रमाने मोजतात, पहिल्या पसंतीला वजन जास्त. सगळ्यांना 'बरा' वाटणारा मागे पडतो, थोड्यांचा जीव की प्राण असलेला पुढे जातो.

अभिनयात प्रमुख की सहाय्यक हे मतदार ठरवतात, निर्माता नव्हे. २०२१ ला अभिनेता लकीथ स्टॅनफिल्डचा प्रचार प्रमुखसाठी झाला, नामांकन सहाय्यकमध्ये मिळालं. एकाच भूमिकेसाठी तेच नाव दोन्हीकडे लिहिलंत तर दोन्ही घरं बाद.

आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात डिसेंबरच्या १५ चित्रपटांच्या यादीबाहेरचं नाव लिहू नका. 'श्वास' आणि 'कोर्ट' भारतातर्फे गेले होते, नामांकन मिळालं नाही. मायेपोटी घर भरू नये.

सर्वांत कमी गुणवाल्याने अर्धा किलो कुंदा आणायचा. पेढे चालणार नाहीत.