भरतीची वेळ किनाऱ्यावर लिहावी

महोदय,
दिवाळीच्या सुटीत आम्ही अमळनेरहून सहकुटुंब कोकणात गेलो होतो. तापीकाठच्या आम्हा खानदेशी माणसांना नदीचा पूर कळतो. परंतु भरती दिवसातून दोनदा येते, तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिला उधाण येते, हे ठाऊक नसते. लक्ष्मीपूजन तर अमावास्येलाच असते, म्हणजे आमची सुटी नेमकी उधाणात येते. वाळूत खेळणाऱ्या नातीभोवती पाणी चढू लागले, तेव्हा एका कोळी बांधवाने हाक मारली म्हणून आम्ही सावध झालो; त्यांचे उपकार विसरणे शक्य नाही. प्रत्येक किनाऱ्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा ठळक मराठीत लिहिलेला फलक पुढच्या सुटीपूर्वी लावावा, ही कळकळीची विनंती.

– एक आजोबा, अमळनेर (जि. जळगाव)