गोळीवरचा आकडा लहान म्हणून औषध सौम्य नव्हे

संपादक महोदय,

पावसाळ्यात दम्याचे रुग्ण वाढले की ठाणे, कळवा, ऐरोलीकडे जुनी चिठ्ठी दाखवून स्टिरॉइडच्या गोळ्या मागणारेही वाढतात. प्रेडनिसोलोन नसली तर ‘मग डेक्सा द्या, ती कमी मिलिग्रॅमची असते’ हा आग्रह ठरलेला. वास्तविक ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनचे काम डेक्सामेथासोन पाऊण मिलिग्रॅममध्ये करते. म्हणजे डेक्साची ४ मिलिग्रॅमची एक गोळी प्रेडनिसोलोनच्या ५ च्या पाच गोळ्यांहूनही भारी पडते.

दुसरा फरक टिकण्याचा. प्रेडनिसोलोनचा परिणाम १२ ते ३६ तास राहतो, डेक्साचा ३६ ते ५४. त्यामुळे डेक्सा रोज घेतली तर मूत्रपिंडावरच्या, शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला पुन्हा कामाला लागायला उसंतच मिळत नाही. लांबच्या उपचारांत प्रेडनिसोलोन सकाळी नाश्त्यानंतर, कधी एक दिवसाआडही देतात. डेक्साला हा दिवसाआडचा हिशेब लागू पडत नाही. अंगात मीठ-पाणी मात्र डेक्सा जवळपास साठवत नाही. मेंदूची सूज उतरवायला ती वापरतात, त्याचे हे एक कारण. करोनात तिचा रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस हा डोस ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठी होता. त्या वेळच्या उरलेल्या पट्ट्या साध्या तापाला काढू नयेत, हे सांगावे लागते!

मधुमेहींनी एक ध्यानात ठेवावे. सकाळच्या प्रेडनिसोलोनने साखर दुपारनंतर चढते. उपाशीपोटीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नये. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळी तपासावी. सोबत डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी असेल तर जठरात व्रण होण्याचा, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दम्याच्या झटक्यानंतरचा पाच-सात दिवसांचा कोर्स सहसा एकदम थांबवता येतो. तीन आठवड्यांहून जास्त चाललेली गोळी मात्र मनाने बंद करू नये. अ‍ॅड्रिनल ग्रंथी तोवर सुस्तावलेली असते. गळून जाणे, उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणे असे होऊ शकते.

डॉक्टरांना विनंती, की चिठ्ठीवर नुसते ‘डेक्सा’ न लिहिता ताकद, दिवस आणि डोस उतरवण्याचा क्रम लिहावा. दोन्ही औषधे शेड्यूल एचमधली, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतली आहेत. दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत, आणि एकीच्या जागी दुसरी तर नाहीच. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी ऑपरेशनच काय, दात काढण्याआधीही डॉक्टरांना तसे सांगावे.

— एक फार्मासिस्ट, ठाणे