टाक्या, पंप आणि बोअरच्या देखरेखीसाठी जोडणी कोणती घ्यावी: अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
पाथर्डी फाटा परिसर, नाशिक

विषय: पाणी व पंप देखरेख यंत्रणेच्या कोटेशनमधील नेटवर्कबाबत

सप्रेम नमस्कार.

गच्चीवरच्या तीन टाक्या, तळटाकी, दोन पंप, बोअर आणि सोलर इन्व्हर्टर यांची स्थिती मोबाइलवर दिसावी म्हणून आलेले कोटेशन वाचले. यंत्रे ठीक आहेत. हरकत एकाच ओळीला आहे: ‘प्रत्येक युनिटमध्ये स्वतंत्र २जी सिम, एकूण आठ.’ ही ओळ बदलल्याशिवाय ऑर्डर देऊ नये, अशी विनंती आहे.

आधी एक गोष्ट, जी नेटवर्कच्याही आधीची आहे. पंप बंद होणे हे इंटरनेटवर अवलंबून असता कामा नये. तळटाकीतला फ्लोट स्विच पंपाला कोरडे चालण्यापासून वाचवतो आणि वरच्या टाकीतला फ्लोट ओव्हरफ्लो थांबवतो. या दोन्हींची वायर थेट स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटमध्ये गेली पाहिजे. ‘टाकी भरली की सर्व्हरवरून पंप बंद होईल’ असे कोणी सांगत असेल तर ते मान्य करू नये. नेट गेले, सर्व्हर अडकला, सिमची मुदत संपली, यातले काहीही झाले तरी पंप चालतच राहतो, आणि कोरडा चालला तर सील आणि वाइंडिंग दोन्ही जातात. देखरेख यंत्रणेचे काम दाखवणे आणि कळवणे, एवढेच ठेवावे.

आता २जी का नको. जिओकडे २जी नाहीच, त्यामुळे त्यांचे सिम या युनिटमधल्या २जी मॉड्यूलमध्ये (सिम बसते त्या भागात) चालणार नाही. उरलेल्या कंपन्यांनी ३जी गुंडाळत आणले आहे आणि २जी किती वर्षे ठेवायचे हे त्यांच्या हातात आहे. ते बंद झाले की मॉड्यूल फेकून द्यावे लागते, नुसते सिम बदलून भागत नाही. दुसरी अडचण विजेची. २जी मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढते. सोबत दिलेला अडॅप्टर ५ व्होल्ट १ अँपिअरचा असेल तर व्होल्टेज खाली बसते आणि युनिट रीसेट होते. सिग्नल जितका कमकुवत तितकी मॉड्यूल जास्त ताकद लावते, म्हणजे पंपरूमसारख्या खालच्या, काँक्रीटने वेढलेल्या जागी हा त्रास सर्वांत जास्त. मग ‘मशीन हँग होते’ अशी तक्रार येते, आणि मूळ दोष अडॅप्टरमध्ये असतो.

शिवाय साधे प्रीपेड सिम २८ दिवसांच्या प्लॅनवर असेल तर वर्षाला तेरा रिचार्ज. आठ सिमचे एकशे चार. त्यातला एखादा चुकणारच, आणि तो चुकल्याचे टाकी रिकामी झाल्यावर कळते.

मग काय घ्यावे? माझ्या मते आठ ठिकाणी आठ जोडण्या न घेता सिक्युरिटी केबिनमध्ये एकच गेटवे, म्हणजे सगळ्या युनिटची माहिती गोळा करून इंटरनेटवर पाठवणारे यंत्र, बसवावा. गच्चीवरची युनिट लोरा रेडिओने (कमी विजेत थोडी माहिती लांबवर पाठवणारा प्रकार) त्याला जोडावीत, पंपरूममधली वायरने, आणि बाहेर जाण्यासाठी फायबर ब्रॉडबँडसोबत एक ४जी सिम राखीव ठेवावे.

गच्चीसाठी लोरा अशासाठी की तिथून केबिनपर्यंत जवळजवळ मोकळी हवा आहे आणि पाठवायचे आहेत दर दहा मिनिटांनी जेमतेम वीस बाइट. तेवढ्याला सिम लागत नाही आणि टाकीजवळ विजेचा पॉइंटही लागत नाही, लिथियम सेलवर युनिट चालते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या ताकदीपर्यंत परवान्याशिवाय वापरता येतो. मॉड्यूलवरचा शिक्का मात्र पाहून घ्यावा. ९१५ मेगाहर्ट्झचा माल अमेरिकेसाठी बनतो आणि तो पट्टा आपल्याकडच्या मोबाइल कंपन्यांच्या फ्रिक्वेन्सीवर येतो, म्हणून तो नकोच. अँटेना टाकीच्या झाकणाखाली ठेवू नये. बाजूच्या पाइपवर, उभी आणि लोखंडी अँगलपासून हातभर लांब असावी. पण ती गच्चीतली सर्वांत उंच वस्तूही असू नये. एप्रिल-मेमधल्या अवकाळी विजा आपल्याला नवीन नाहीत.

पंपरूममध्ये लोरा चालेलही, पण तिथे वायर सोपी आणि खात्रीची. पंपरूम ते केबिन साधारण साठ मीटर अंतर आहे. आरएस-४८५ जोडणी (दोन वायरींवरून यंत्रांची माहिती नेण्याची पद्धत) हजार मीटरच्या पुढेही जाते, त्यामुळे अंतराचा प्रश्न नाही. चुका होतात त्या जोडताना. तळटाकी, दोन पंप आणि बोअर यांची युनिट एका मागोमाग एक जोडायची. एका जागेवरून चार फाटे काढले की रीडिंग कधी येते, कधी येत नाही. दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर, मधे कुठेही नाही. ए आणि बी ही नावे कंपन्या उलटसुलट लिहितात, म्हणून काहीच आले नाही तर पहिल्यांदा त्या दोन वायरी अदलाबदल करून पाहाव्यात. केबल पिळलेल्या जोडीची आणि शील्डची (धातूच्या आवरणाची), शील्डचे अर्थिंग एकाच टोकाला. केबिन आणि पंपरूमचे अर्थिंग वेगळे असल्याने गेटवेच्या बाजूचा आरएस-४८५ कन्व्हर्टर आयसोलेटेड प्रकारचाच (दोन्ही बाजूंचा विद्युत संबंध तोडणारा) घ्यावा. इथे पैसे वाचवले तर पहिल्या वादळात पोर्ट जळतो.

सोलर इन्व्हर्टरसोबत वायफाय स्टिक येते आणि ती कोणा सभासदाच्या घरच्या राउटरला जोडायचा मोह होतो. तसे करू नये. पासवर्ड बदलला किंवा ते कुटुंब गावी गेले की नोंदी थांबतात. इन्व्हर्टरला बहुधा आरएस-४८५ पोर्ट असतो, त्याला लोरा कन्व्हर्टर लावला की तोही याच गेटवेवर येतो.

राखीव सिमसाठी ४जी कॅट-१ (कमी वेगाचे ४जी) मॉड्यूल पुरेसे आहे, महागडा राउटर नको. डेटा किती लागतो याचा हिशोब सोपा आहे: एका युनिटचा जास्तीत जास्त दर पाच मिनिटांनी एक संदेश धरू, म्हणजे दिवसाला २८८. एकेक ५०० बाइटचा धरला तर महिन्याला साधारण साडेचार एमबी. आठही युनिटचा मिळून चाळीसच्या आत. मात्र यंत्र प्रत्येक वेळी नव्याने सुरक्षित जोडणी करत असेल तर दरवेळी काही केबी जास्तीचे जातात आणि हाच आकडा दहापट होतो. म्हणून जोडणी एकदा करून चालू ठेवावी, असे कोटेशनमध्ये लिहून घ्यावे. सिम संस्थेच्या नावावर, तेरा अंकी एमटूएम (यंत्रांसाठीच्या) प्रकारचे आणि वार्षिक बिलाचे असावे. ते पुरवठादाराच्या नावावर राहिले तर करार संपताच आपली यंत्रणा त्याच्या हातात जाते.

कॅमेरे या सिमवर टाकू नयेत. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला २१ जीबीहून जास्त डेटा घेतो. त्यांची वायर वेगळी आणि रेकॉर्डिंग केबिनमध्येच राहू द्यावे.

सिमवर बाहेरून थेट आत येता येत नाही, कारण मोबाइल कंपन्या बहुधा खासगी पत्ता देतात. ‘पोर्ट उघडून देतो’ हा उपाय ब्रॉडबँडवरही नाकारावा. गेटवेनेच बाहेरच्या सर्व्हरशी एन्क्रिप्टेड जोडणी करायची आणि सर्व्हरचा पत्ता आपल्याला बदलता आला पाहिजे. उद्या पुरवठादार बदलला तरी यंत्रे आपलीच राहतात.

ब्रॉडबँड आणि सिम वेगवेगळ्या कंपन्यांचे हवे. कुंभमेळ्याच्या कामांमुळे शहरात खोदाई सुरू असताना फायबर तुटण्याची शक्यता जास्त, आणि २०२७ च्या पर्वणीच्या दिवसांत मोबाइल टॉवरवर ताण येणार. दोन्ही एकाच वेळी बंद पडणे अवघड.

महावितरणचा पुरवठा गेला की राउटरही जातो, आणि नेमके तेव्हाच टाकीत पाणी किती आहे हे पाहायचे असते. गेटवे, फायबरचा बॉक्स आणि राउटर मिळून १५ वॅट धरले तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी साधारण चार तास टिकते. दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या तर आठ तास.

इशारा फक्त ॲपवर येऊन चालणार नाही. केबिनमध्ये गेटवेलाच एक १२ व्होल्टचा हूटर लावावा, म्हणजे नेट नसतानाही वॉचमनला कळेल. एक रीडिंग चुकले म्हणून हूटर वाजू नये, सलग तीन चुकली तर वाजावा. नाहीतर आठवड्याभरात कोणीतरी त्याची वायर काढून ठेवेल.

पैसे देण्याआधी सात दिवस चाचणी घ्यावी. सिमचा सिग्नल केबिनचे दार बंद करून मोजावा: ४जीचा आरएसआरपी (सिग्नलच्या ताकदीचा आकडा) उणे १०५ डीबीएमपेक्षा वाईट असेल तर अँटेना बाहेरच्या भिंतीवर न्यावी. टाकीची युनिट टाक्या पूर्ण भरलेल्या असताना तपासावीत, पाणी रेडिओ लहरी अडवते. एकदा फायबर काढून पाहावे, एकदा मेन स्विच पाडून, एकदा दोन्ही एकदम. शंभरात दोनपेक्षा जास्त रीडिंग गळत असतील तर काम पूर्ण झाले असे धरू नये.

कंपाउंडचे पेव्हर ब्लॉक बदलण्याचे काम ठरले आहेच. ते बसण्याआधी पंपरूम ते केबिन २५ मिलिमीटरचा एक पाइप, आत (पुढे केबल ओढण्यासाठी) ओढवायर घालून, पंपाच्या थ्री-फेज केबलपासून फूटभर अंतर ठेवून टाकून घ्यावा. पाइप कुठून न्यायचा ते कंत्राटदाराला जागेवर दाखवायला मी येऊ शकते.

आपली,
सभासद, बी विंग